ग्रह गिअर एकमेकांत बसत का नाहीत? दात्यांचं सोपं गणित

कॉलेज प्रोजेक्टसाठी थ्रीडी प्रिंटरवर ग्रह गिअर बनवायचाय? मग गोल आकडे धरायचा मोह होतोच: मधल्या ‘सूर्य’ गिअरला 20 दाते, त्याभोवती फिरणाऱ्या तीन ‘ग्रह’ गिअरना प्रत्येकी 20 आणि बाहेरच्या रिंगला 60. दिसायला एकदम परफेक्ट! पण जोडायला बसलात की पहिला ग्रह बसतो आणि दुसरा अडतो. चूक प्रिंटरची नाही, गणिताची आहे.

अट 1: रिंगचे दाते = सूर्याचे दाते + 2 × ग्रहाचे दाते
रिंगच्या आत मधोमध सूर्य आणि दोन्ही बाजूंना एकेक ग्रह मावला पाहिजे. 20 + 40 = 60. इथपर्यंत ठीक.

अट 2: (सूर्य + रिंग) ÷ ग्रहांची संख्या = पूर्ण संख्या
ग्रह सारख्या अंतरावर हवे असतील तर ही अट लागतेच. आपलं उत्तर 80 ÷ 3 = 26.67. इथेच गाडी अडली!

असं का होतं?
रिंग घट्ट धरा आणि पहिला ग्रह वरच्या बाजूला बसवा. आता ग्रहांना धरून ठेवणारा कॅरिअर 1/3 फेरा फिरवा. रिंग स्थिर असताना कॅरिअरच्या एका फेऱ्यात सूर्य 1 + 60/20 = 4 फेरे घेतो. म्हणजे 1/3 फेऱ्यात सूर्याचे 26.67 दाते वरून पुढे जातात. दुसरा ग्रह त्याच वरच्या जागी बसवायचाय, पण तिथे सूर्याचा दाता अर्धवट सरकलेला असतो.

उपाय काय?
21, 21 आणि 63 दाते घ्या. वेगाचं प्रमाण 4 च राहतं आणि 84 ÷ 3 = 28. किंवा जुनेच आकडे ठेवून चार ग्रह लावा: 80 ÷ 4 = 20.

टोयोटा प्रियस या हायब्रिड कारमध्ये इंजिन, जनरेटर आणि मोटर ग्रह गिअरनेच जोडलेले असतात. तिथले दाते 30, 23 आणि 78. पहिली अट इथे तंतोतंत जुळत नाही (30 + 46 = 76), पण दुसरी अट तपासून बघा: 30 + 78 = 108, आणि 108 ला 3 नेही भाग जातो, 4 नेही.

मोबाईलवर करून बघा
जिओजेब्रा हे फ्री ॲप उघडा. सूर्य, ग्रह आणि ग्रहांची संख्या असे तीन स्लायडर बनवा आणि दुसऱ्या अटीचं सूत्र टाका. स्लायडर सरकवत राहा. उत्तरातला दशांश गायब झाला की मगच प्रिंटचं बटण दाबा!