शस्त्रक्रियेनंतरची गुंगी आणि शरीरातील गोदाम

गाडीतून उतरलेला माल आधी दुकानात मांडला जातो, उरलेला गोदामात जातो. दुकान रिकामे दिसले म्हणून माल संपला असे वागळे इस्टेटमधील कोणताही गाळेधारक मानणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या औषधांचा हिशेब असाच असतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाचा जीव ‘अजून जाग का येत नाही?’ या प्रश्नात अडकलेला असतो. त्याचे उत्तर पुष्कळदा या हिशेबातच सापडते.

श्वासनलिकेत नळी असताना रुग्ण शांत राहावा म्हणून प्रोपोफॉल, मिडाझोलाम किंवा डेक्समेडेटोमिडीन देतात, वेदनेसाठी फेंटानिल. औषध रक्तातून प्रथम मेंदूत पोचते, मग स्नायूंत व चरबीत पसरते. प्रोपोफॉलच्या एका मात्रेनंतर काही मिनिटांत जाग येते, तेव्हा बरेचसे औषध शरीरातच, पण ‘गोदामात’ असते. मिडाझोलाम दीर्घकाळ चालू राहिल्यास चरबीतील साठा वाढतो आणि औषध थांबवल्यावरही तो सावकाश रक्तात परततो.

त्यात हृदय-फुफ्फुस यंत्राची भर पडते. यंत्रातील एक ते दोन लिटर द्रव मिसळून रक्त पातळ होते, शरीर बहुधा थंड केले जाते, फेंटानिलचा काही अंश तर यंत्राच्या भागांनाच चिकटतो. थंडाव्याने यकृताचे काम मंदावते. हृदय अशक्त असेल तर यकृताला रक्तही कमी मिळते. निरोगी प्रौढात रक्तातील मिडाझोलाम सुमारे ३ तासांत निम्मे होते, वृद्ध रुग्णात याहून बराच वेळ लागतो. यकृतात त्यापासून तयार होणारा एक पदार्थही गुंगी आणतो. तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंड थकलेले असल्यास साचतो. डेक्समेडेटोमिडीन घेतलेला रुग्ण हाकेला डोळे उघडतो, श्वासही फारसा मंदावत नाही; मात्र नाडी व रक्तदाब उतरू शकतात.

घरच्यांनी भूलतज्ज्ञांना आधीच सांगण्याजोग्या काही गोष्टी संकोचाने राहून जातात. रोज रात्री घेतली जाणारी अल्प्राझोलामची गोळी ही त्यांतली पहिली. तिची सवय असलेल्याला गुंगीची मात्रा जास्त लागू शकते आणि ती एकाएकी थांबली तर तो अस्वस्थ होतो. हृदयरोगात चालू असलेले डिल्टियाझेम मिडाझोलामचा निचरा लांबवते. आणखी एक बाब जैन कुटुंबांच्या जिव्हाळ्याची: प्रोपोफॉलचा दुधी रंग सोयाबीन तेल व अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणाचा असतो. याविषयी विचारायचे ते शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. पर्याय असतात, पण कोणता योग्य ते रुग्णाच्या प्रकृतीवर ठरते.

जाग लांबण्यामागे दर वेळी औषधच असते असे नाही. रक्तातील साखर उतरणे किंवा मेंदूला झालेली इजा हीही कारणे असू शकतात. म्हणूनच डॉक्टर गुंगी कमी करून रुग्णाला हाक मारतात, हात दाबायला आणि दोन्ही पाय हलवायला सांगतात.