पीएच मापक, मृदाविरहित शेतीतील

मातीचा आधार न घेता पोषक लवणांच्या जलीय विद्रावावर वनस्पती वाढविण्याच्या पद्धतीत त्या विद्रावाची अम्लता अथवा क्षारता मोजण्यासाठी वापरले जाणारे विद्युतीय उपकरण. हायड्रोपोनिक्स या नावाने रूढ झालेल्या या शेतीत पीएच मापक हे रोजच्या वापराचे साधन आहे. ही उपकरणे बाजारात विपुल मिळतात व त्यांच्या किंमतींत मोठी तफावत असते. पडद्यावर उमटलेला आकडा खरा आहे की नाही हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे उपकरणाची निवड व पडताळणी यांना या शेतीत विशेष महत्त्व आहे.

पीएच मूल्य म्हणजे विद्रावातील हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचा ऋण लॉगरिथम होय [→ पीएच मूल्य]. मापन लॉगरिथमीय असल्याने एका एककाचा फरक म्हणजे अम्लतेतील दसपट फरक आणि ०·३ चा फरक म्हणजे सु. दुप्पट फरक असतो. शेतजमिनीत मृत्तिकेचे कण व सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन आयन धरून ठेवतात वा सोडून देतात आणि त्यामुळे पीएच मूल्यात एकाएकी बदल होत नाही. पोषक विद्रावात हा अंगभूत प्रतिरोध फारच थोडा असतो. वनस्पतीने नायट्रेट शोषून घेतले की विद्रावाचे पीएच मूल्य वाढते, अमोनियम शोषून घेतले की ते घटते. जोमाने वाढणाऱ्या पिकात एका दिवसात हा बदल अर्ध्या एककाहून अधिक होऊ शकतो. दख्खनच्या बेसाल्टी प्रदेशातील विहिरींचे पाणी प्रायः कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटयुक्त असते. अशा पाण्यात केलेल्या विद्रावाचे पीएच मूल्य अम्ल घालून उतरविले, तरी दर वेळी टाकीत नवे पाणी भरले की ते पुन्हा वर सरकते.

बहुतेक पिकांना ५·५ ते ६·५ हा पल्ला मानवतो. या पल्ल्याच्या वर गेल्यास प्रथम लोह, मँगॅनीज व फॉस्फेट यांची उणीव जाणवते. फॉस्फेटाचे उदाहरण बोलके आहे. पीएच ६·२ असताना विद्रावातील फॉस्फेटाचा एक दशांशाहून कमी भाग द्विसंयुजी आयनाच्या रूपात असतो, तर ७·२ ला निम्मा भाग या रूपात जातो. कॅल्शियमाशी संयोग पावून त्याचा अवक्षेप तळाशी बसतो व तो पिकाच्या उपयोगी पडत नाही. ईडीटीएबरोबर बांधलेले लोह साधारणतः ६·५ पर्यंतच टिकते; डीटीपीएबरोबरचे त्याहून थोडे वर, तर ईडीडीएचएबरोबरचे बऱ्याच क्षारधर्मी विद्रावातही टिकून राहते. उलटपक्षी पीएच ४ च्या आसपास किंवा त्याखाली गेल्यास मुळांच्या कोशिकापटलांनाच इजा होते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे शोषण मंदावते.

सदोष मापकामुळे होणारी हानी येथूनच उद्भवते. मापक ६·० दाखवीत असताना खरे मूल्य ६·८ असेल, तर कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. उत्पादक लोहाची मात्रा वाढवितो. परंतु लोह मुळात कमी नसून ते अप्राप्य झालेले असते, त्यामुळे विद्रावातील लवणांचे प्रमाण तेवढे वाढते व दोष कायम राहतो. पुनर्चक्रित पद्धतीत सर्व रोपे एकाच टाकीवर पोसली जात असल्याने अशी चूक एखाद्या वाफ्यापुरती न राहता सर्व पिकाला भोवते. मापक मुळीच नसता, तर उत्पादकाने पानांवरून निदान केले असते. चुकीचा मापक त्याला खऱ्या कारणापासून दूर नेतो.

इतिहास : पीएच ही संज्ञा सोरेन सोरेन्सन यांनी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सुचविली. पातळ काचेच्या दोन्ही बाजूंना भिन्न अम्लतेचे विद्राव असल्यास तिच्या आरपार विद्युत् वर्चस् निर्माण होते, हे माक्स क्रेमर यांना १९०६ मध्ये आढळले होते. या गुणधर्मावर आधारलेल्या काच विद्युत् अग्राचा पद्धतशीर अभ्यास फ्रिट्झ हाबर व झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. काचेचा विद्युत् रोध प्रचंड असल्याने त्या काळच्या नाजूक विद्युत् मापकांनी हे वर्चस् मोजणे कष्टाचे होते. ही अडचण दूर झाली ती शेतमालाच्याच निमित्ताने. कॅलिफोर्नियातील फळ उत्पादकांच्या सहकारी संस्थेत काम करणारे ग्लेन जोसेफ यांना लिंबाच्या रसाची अम्लता मोजावयाची होती. परंतु रसात घातलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडामुळे दर्शक रंगांचा उपयोग होत नसे. त्यांच्यासाठी आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नलिकांचा विवर्धक जोडून एक सुटसुटीत उपकरण तयार केले व १९३५ मध्ये ते १९५ डॉलर किंमतीस विक्रीस आले. साधारण याच सुमारास विल्यम गेरिक यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत टोमॅटो इत्यादी पिके पोषक विद्रावावर वाढवून दाखविली आणि १९३७ मध्ये हायड्रोपोनिक्स ही संज्ञा प्रचारात आणली. डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांची १९३८ मधील पोषक विद्रावविषयक पुस्तिका आजही संदर्भासाठी वापरली जाते. भारतात १९४६ पासून दार्जिलिंग परिसरात जे. शोल्टो डग्लस यांनी खडी व वाळू यांच्या वाफ्यांवर आधारलेली साधी पद्धत विकसित केली. ती बंगाल पद्धत म्हणून ओळखली जाते.

रचना व कार्य : मापकाचे दोन भाग असतात. पहिला भाग विद्युत् अग्रांचा. एका दांड्यातच काच विद्युत् अग्र व संदर्भ विद्युत् अग्र बसविलेले असते. काचेच्या फुग्याचे पातळ पटल हायड्रोजन आयनांना प्रतिसाद देते. संदर्भ अग्रातील पोटॅशियम क्लोराइडाचा विद्राव एका सच्छिद्र संधीतून बाहेरील विद्रावाशी संपर्क ठेवतो. दुसरा भाग विवर्धक व दर्शक यांचा होय. काच पटलाचा रोध दहा कोटी ओहम वा अधिकही असतो, म्हणून विवर्धकाचा आदान रोध त्याच्या कित्येक हजार पट ठेवावा लागतो. २५° से. तापमानास पीएच मूल्यातील प्रत्येक एककामागे ५९·१६ मिलिव्होल्ट इतका फरक मिळावा, असे नेर्न्स्ट समीकरणावरून निष्पन्न होते. यालाच अग्राचा उतार म्हणतात. आदर्श अग्र पीएच ७ ला शून्य मिलिव्होल्ट दाखविते.

निवड : विक्रेत्याच्या पत्रकात दोन आकडे प्रामुख्याने दिलेले असतात व त्यांची गल्लत नेहमी होते. पडद्यावर ०·०१ पर्यंत आकडे दिसणे हा दर्शकाचा गुण आहे. अचूकपणा ही निराळी बाब होय. ०·०१ पर्यंत दाखविणाऱ्या पुष्कळ स्वस्त लेखणीवजा मापकांचा अचूकपणा ±०·१ वा ±०·२ इतकाच असतो. मृदाविरहित शेतीला ±०·१ अचूकपणा पुरतो. त्याहून अधिकासाठी मोजलेली किंमत प्रयोगशाळेत सार्थकी लागेल, टाकीकाठी क्वचितच.

अचूकपणापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे मापक किमान दोन प्रमाण विद्रावांवर जुळविता येणे. एकाच बिंदूवर जुळविल्या जाणाऱ्या मापकात अग्राचा उतार आदर्श आहे असे गृहीत धरलेले असते. अग्र जुने होऊन उतार ८५ टक्क्यांवर आला असेल व मापक फक्त पीएच ७ वर जुळविला असेल, तर ज्या विद्रावाचे खरे मूल्य ५·५ आहे तेथे तो ५·७ हून अधिक दाखवील. दोन बिंदूंसाठी ७ व ४ ही मूल्ये घ्यावीत, कारण पिकाचा पल्ला त्यांच्यामध्ये येतो. अनेक संचांत पीएच १० चा विद्रावही देतात. त्याचा येथे उपयोग नाही, शिवाय हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून तो लवकर बिघडतो.

विद्युत् अग्र बदलता येणे ही तिसरी कसोटी. अग्र ही झिजणारी वस्तू असून चांगली निगा राखली, तरी साधारण एक ते दोन वर्षांत ती निकामी होते. अग्र पक्के बसविलेला मापक म्हणूनच स्वस्त वाटला, तरी पुढे महाग पडतो. खरेदीपूर्वी बदली अग्र सहज मिळते काय, याची चौकशी करावी. दुहेरी संधीचे अग्र असल्यास पोषक विद्रावातील द्रव्ये व सेंद्रिय पदार्थ आतील चांदीच्या तारेपर्यंत सहसा पोहोचत नाहीत व अग्र अधिक काळ टिकते.

तापमान भरपाईची जाहिरात मोठ्या प्रमाणावर केली जाते, परंतु या शेतीपुरते तिचे महत्त्व मर्यादित आहे. उताराची ही भरपाई पीएच ७ पासून विद्राव जितका दूर, तितकी अधिक लागते. पीएच ५·८ च्या विद्रावाचे तापमान २५° वरून ३५° से. झाले व भरपाई मुळीच केली नाही, तरी चूक केवळ ०·०४ इतकी होते. उन्हाळ्यात तापलेली टाकी मापकापेक्षा मुळांनाच अधिक बाधते. जलरोधक बांधणी मात्र आवश्यक आहे, कारण लेखणीवजा मापक केव्हा तरी टाकीत पडतोच. आयपी ६७ हा दर्जा असल्यास एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास पाणी आत शिरत नाही.

दोन भिन्न धातूंच्या सळ्या मातीत खुपसून विद्युत् घटाशिवाय चालणारे तथाकथित पीएच मापक पोषक विद्रावासाठी निरुपयोगी आहेत. धातूंच्या दोन पट्ट्यांमधील प्रवाह लवणांच्या प्रमाणाने बदलतो आणि दर्शकावर तोच दिसतो. तसेच ट्रेमध्ये नुसत्या पाण्यावर मक्याचा हिरवा चारा सात-आठ दिवसांत वाढविणाऱ्या पशुपालकाला पीएच मापक घेण्याचे कारण नाही. बीजातील साठ्यावर होणाऱ्या या वाढीत पोषक विद्राव सहसा नसतोच.

पडताळणी : मिलिव्होल्ट दाखविण्याची सोय असलेला मापक घेतल्यास अग्राची परीक्षा कोणालाही करता येते. समजा, पीएच ७·०० च्या प्रमाण विद्रावात −१२ व ४·०१ च्या विद्रावात +१५७ मिलिव्होल्ट असे वाचन मिळाले. दोहोंतील अंतर १६९ आहे, २५° से. तापमानास आदर्श अंतर सु. १७७ असते, म्हणजे उतार सु. ९५ टक्के झाला. ९५ ते १०२ टक्के उतार व पीएच ७ ला ±३० मिलिव्होल्टच्या आतील वाचन ही निरोगी अग्राची लक्षणे होत. उतार ८५ टक्क्यांखाली गेल्यास अग्र टाकून द्यावे. ही सोय नसल्यास मापक ७ व ४ वर जुळवून दुसऱ्या दिवशी, पुन्हा न जुळविता, त्याच विद्रावांच्या ताज्या नमुन्यांत बुडवावा. एका दिवसात ०·१ हून अधिक सरकणारा मापक विश्वासार्ह नव्हे. अर्ध्या मिनिटात वाचन स्थिर न होणे हेही अग्र जुने वा मळलेले असल्याचे चिन्ह आहे. प्रमाण विद्राव बाटलीतून लहान पेल्यात ओतून घ्यावा व वापरलेला पुन्हा बाटलीत ओतू नये. पुष्कळदा दोष मापकाचा नसून शिळ्या प्रमाण विद्रावाचा असतो.

निगा : काचेचे पटल ओले राहिले तरच काम करते. अग्र तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडाच्या विद्रावात ठेवावे. ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याची चाल चुकीची आहे, कारण त्यामुळे संदर्भ अग्रातील लवण बाहेर झिरपून जाते. कॅल्शियमाचे पुट सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात काही मिनिटे बुडवून निघते. शैवलाचा बुळबुळीत थर सौम्य निर्मलकाने धुवावा. फुगा कापडाने घासू नये, पाणी केवळ टिपून घ्यावे.

अम्ल व क्षार आपोआप सोडणाऱ्या नियंत्रकांत अग्र कायम टाकीत बुडलेले असते. तेथे सदोष पंपातून पाण्यात झिरपणारा विद्युत् प्रवाह वाचन बिघडवितो. टाकीतील वाचन व त्याच पाण्याचा नमुना वेगळ्या पेल्यात घेऊन केलेले वाचन यांत फरक आढळला, तर असा प्रवाह असल्याचा संशय घ्यावा. नियंत्रक या चुकीच्या वाचनावर विसंबून रात्रभर अम्ल सोडीत राहू शकतो. म्हणून एका वेळच्या मात्रेवर मर्यादा घालण्याची सोय असलेलाच नियंत्रक निवडावा.

काचेऐवजी आयनसंवेदी क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर वापरणारे मापकही मिळतात. हे तत्त्व पीट बेर्गव्हेल्ट यांनी १९७० मध्ये मांडले. असे अग्र फुटत नाही व कोरडे ठेवता येते, परंतु त्यालाही संदर्भ अग्र लागतेच व किंमतही अधिक पडते. दर्शक रंग हे सर्वांत जुने साधन अद्याप उपयोगी आहे. ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक ५·२ ते ६·८ या दरम्यान पिवळ्यापासून जांभळा होतो, म्हणजे पिकाला हव्या असलेल्या पल्ल्यातच रंग बदलतो. त्याने ०·२ हून सूक्ष्म फरक ओळखू येत नाही, पण मापकाच्या वाचनात पूर्ण एककाची चूक असेल, तर ती एका थेंबात उघड होते.