दमणं वेगळं, आतून अडकणं वेगळं

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, किंवा घाटात रेंज गेली (आपल्याकडे जातेच), त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे, म्हणजे' थोडं कापलंय.

माझी आत्येबहीण नर्स आहे. कोकणातल्याच एका रुग्णालयात. कुठल्या ते सांगत नाही, तिने तसं बजावलंय. गणपतीत घरी आली होती. आरती झाली, सगळे जेवले, आणि ही पडवीत एकटीच बसलेली. मी आपलं शहाणपण दाखवलं, "ताई, तुझा बर्नआउट झालाय. चार दिवस सुट्टी काढ."

ती म्हणाली, "अरे, आत्ता सुट्टीवरच आहे ना मी? दमले असते तर झोप लागली असती."

मग तिने जुलैमधली एक रात्र सांगितली. बाहेर धो धो पाऊस. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं बाळ, त्याला श्वास घेता येईना. ज्या मशीनची गरज होती ते तिथे नव्हतं. डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवायचं ठरवलं. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. आई अजून उठण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून १०८ च्या गाडीत आजी बसली. दार लावताना तिने ताईचा हात धरून विचारलं, "पोचंल ना गो बाय?"

ताई म्हणाली, "पोचेल."

तिला तसं वाटत नव्हतं. पुढे काय झालं, ते तिला कळलंही नाही. रुग्णालयाच्या वहीत गाडी निघाल्याची वेळ आहे, तेवढंच.

आता थोडं समजून घेऊ, कारण इथे दोन शब्दांची गल्लत होते. मीही केली होती.

'बर्नआउट' हा शब्द न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये रूढ केला. तेही एका मोफत दवाखान्यात राबून स्वतः पार संपले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली: कामाच्या सततच्या ताणाने शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. हा आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असंही तिथे स्पष्ट लिहिलंय.

ताईचं दुखणं दुसरं आहे. त्याला नैतिक ताण म्हणतात, इंग्रजीत मोरल डिस्ट्रेस. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये, नर्सिंगबद्दलच लिहिताना, हे मांडलं. योग्य काय ते तुम्हाला नक्की माहीत असतं, पण व्यवस्थेतल्या अडचणींमुळे ते करता येत नाही. काय करावं ते कळत नाही, हा वेगळा पेच. इथे कळलेलं असतं, हात बांधलेले असतात.

आणि हे साठत जातं. विहिरीत दर पावसाळ्यात थोडा गाळ येतो, तसं. उपसला नाही तर पुढच्या वर्षी थोडक्या पावसातही पाणी गढूळ. म्हणूनच एखादी सिस्टर बारीकशा गोष्टीवर रडते किंवा नातेवाइकांवर खेकसते, आणि आपण म्हणतो, "माज आलाय." कधी कधी खरंच माज असतो, नाही असं नाही. पण दर वेळी नाही.

आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यांना आठवत असेल असं उदाहरण म्हणजे २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. कोविड सुरूच होता. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि तिथले आठ रुग्ण गेल्याच्या बातम्या आल्या. नंतर चर्चा झाली ती जबाबदार कोण याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांना पुढे कोणी काही विचारलं का, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाही नव्हता.

आता शेजारच्या महाडची गोष्ट. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं यायची, फुप्फुसात पाणी भरून जायची, आणि प्रचलित उपचार चालत नव्हते. बावस्कर रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, लक्षणं लिहीत राहिले. त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू प्रचंड घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मला आवडते, पण ती सांगून "बघा, मनात आणलं तर होतं" म्हणणं मला पटत नाही. बावस्करांना काहीतरी करून बघायची मोकळीक होती. रात्रपाळीच्या नर्सने कितीही जिद्द धरली तरी तिच्या वॉर्डात व्हेंटिलेटर उगवणार नाही. म्हणून ताण घालवायला योगाचं शिबिर ठेवलं की मला जरा हसू येतं. योग चांगलाच आहे हो. पण बर्नआउटला निदान विश्रांतीचा उतारा असतो. इथे मशीन, माणसं आणि वरिष्ठांनी ऐकून घेणं लागतं. दुखणं नर्सच्या मनात दिसत असलं तरी त्याचं कारण वॉर्डात असतं.

बोलणंही सोपं नाही. मनोरुग्णालय आपल्याच गावात, त्यामुळे रत्नागिरीत मनाचा विषय काढला की पहिला विनोद त्यावरच होतो. ताईनेही म्हणूनच वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तो नर्स-डॉक्टरांसाठीही आहे, एवढं सेव्ह करून ठेवा.

ताईच्या वॉर्डात मात्र एक गोष्ट बदललीय. ती आणि दोन सहकारी आता पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाबद्दल दुसऱ्या दिवशी तिकडे फोन करून विचारतात. काय झालं ते वहीत वेळेच्या शेजारी लिहितात. चांगलं, वाईट, जे असेल ते. डॉक्टरही वही मागून बघायला लागलेत.

जुलैमधल्या त्या बाळाची चौकशी तिने अजून केलेली नाही. तिथला रकाना कोरा आहे. मी परत विचारलं नाही.