डॉनराव, नियम वाचलेत का?

अंगात इटालियन सूट, कमरेला पिस्तूल आणि नजर अशी, की नायिकेचे गुडघे लटपटलेच पाहिजेत. इंग्रजीत 'माफिया रोमान्स' नावाच्या कादंबऱ्यांचं सध्या जोमदार पीक आलंय. दिवसा माणसं मारणारा आणि रात्री एकीवरच मरणारा डॉन हे त्यांचं भांडवल. पण खऱ्या टोळ्यांचे कायदे पाहिले, तर यातल्या निम्म्या नायकांना पहिल्या पन्नास पानांतच टोळीतून नारळ मिळाला असता!

१. तिखट किती? मिरच्या मोजा
प्रणयप्रसंग किती धीट आहेत, हे या वाचकवर्गात मिरच्यांनी मोजतात. एक मिरची म्हणजे बेडरूमचं दार बंद झालं आणि प्रकरण संपलं. पाच मिरच्या म्हणजे लोकलमध्ये वाचायचं तर पुस्तकाला आधी खाकी कव्हर घाला.

२. गोळ्या झाडा, पण शेवट गोड करा
'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेच्या व्याख्येनुसार रोमान्स म्हणवून घ्यायला दोनच गोष्टी लागतात: मध्यभागी प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायी शेवट. त्यामुळे काका, मामा, अंगरक्षक कितीही पडोत, जोडी शाबूत राहते.

३. कांदेपोह्यांविना बघण्याचा कार्यक्रम
दोन घराण्यांचं वैर मिटवायला ठरवून लावलेलं लग्न हा इथला लाडका मसाला. अमेरिकी वाचकाच्या अंगावर त्याने काटा येतो. आपण मात्र म्हणणार, 'यात नवल ते काय? पत्रिकेऐवजी पिस्तूल आणलंय एवढंच!' गंमत म्हणजे हा मसाला अगदीच खोटा नाही. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाची 'न्द्रांगेता ही टोळी रक्ताच्या नात्यांवर उभी आहे. तिथे सोयरिकीने घराणी जोडली जातात, कधी वैरंही मिटवली जातात.

४. पोलंडची मिरची, सिसिलीची फोडणी
ब्लांका लिपिन्स्का या पोलिश लेखिकेची '३६५ दिवस' ही कादंबरी २०१८ मध्ये आली. सिसिलीचा डॉन पोलंडच्या लाउराला पळवतो आणि प्रेमात पडायला वर्षभराची मुदत देतो. २०२० मध्ये आलेला त्यावरचा सिनेमा नेटफ्लिक्सवर जगभर पाहिला गेला आणि वाईट सिनेमांची खिल्ली उडवणाऱ्या 'रॅझी' पुरस्कारांत सर्वांत वाईट पटकथेचा मानही त्याने पटकावला. वेल्श गायिका डफी हिने मात्र अपहरणाला असं गोंडस रूप दिल्याबद्दल नेटफ्लिक्सच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. ती स्वतः अपहरण आणि अत्याचार सोसून बाहेर आली होती.

५. रशियन नायकाची पंचाईत
इटालियन डॉनचा कंटाळा आला, की वाचक 'ब्रात्वा'कडे, म्हणजे रशियन टोळीकडे वळतात. पण रशियन गुन्हेगारी जगातल्या मानाच्या 'वोर' मंडळींचा जुना दंडक काय होता? संसार थाटायचा नाही, लग्न करायचं नाही! गुडघ्यांवर ताऱ्यांचं गोंदण, म्हणजे 'मी कुणापुढे गुडघे टेकणार नाही'. कादंबरीतला नायक मात्र हातात अंगठी घेऊन नेमका तेच करतो.

६. डॉनच्या दहा आज्ञा
२००७ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोजवळ साल्वातोरे लो पिक्कोलो हा माफिया म्होरक्या पकडला गेला. त्याच्याकडे टाइप केलेली नियमावली सापडली: मित्रांच्या बायकांकडे पाहू नये, बायकोला मान द्यावा, बार आणि क्लबमध्ये जाऊ नये, ठरलेली वेळ पाळावी. आणि बोलावणं आलं की हजर व्हावं, भले बायको बाळंत होण्याच्या बेतात असो! एखाद्या खडूस हेडक्लार्कने काढलेलं परिपत्रकच जणू.

७. महाल नव्हे, झोपडं
कादंबरीत डॉनचा बंगला, बोट, विमान. आणि खरा डॉन? बेर्नार्दो प्रोव्हेंझानो ४३ वर्षं फरार होता. २००६ मध्ये तो सापडला कोर्लेओनेजवळच्या शेतातल्या साध्या झोपड्यात. टोळीचा कारभार टाइप केलेल्या चिठ्ठ्यांवर चालायचा. पोलिसांना माग लागला तो घरून जाणाऱ्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावरून.

८. आधी तिसरी घंटा, मग टोळी
'माफिया' हा शब्द गाजवला नाटकवाल्यांनी! पालेर्मोच्या तुरुंगातल्या कैद्यांवरचं एक नाटक १८६३ च्या सुमारास रंगभूमीवर आलं आणि शब्द सर्वतोमुखी झाला. पुढे १९६९ मध्ये 'द गॉडफादर' लिहिणाऱ्या मारिओ पुझोने कबूल केलं, की लिहिण्याआधी तो एकाही खऱ्या गँगस्टरला भेटला नव्हता. उलट, २०२३ मध्ये पकडलेल्या मात्तेओ मेस्सिना देनारो या खऱ्या डॉनच्या लपण्याच्या घरात गॉडफादरचं पोस्टर निघालं.

९. जिने संहिता नाकारली
आता मिरच्या बाजूला ठेवू. डिसेंबर १९६५, सिसिलीतलं आल्कामो गाव. सतरा वर्षांच्या फ्रांका व्हिओलाला माफियाशी नातं असलेल्या तरुणाने साथीदारांसह घरातून पळवलं, कोंडून ठेवलं, अत्याचार केला. तेव्हाच्या कायद्यानुसार पीडितेशी लग्न केलं की बलात्कारी सुटायचा, आणि 'अब्रू' वाचवायला मुलगीही होकार द्यायची. फ्रांका नाही म्हणाली. वडील पाठीशी उभे राहिले, खटला चालला, आरोपी तुरुंगात गेला. ते कलम १९८१ मध्ये रद्द झालं.

फ्रांकाने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. १९६८ मध्ये तिने आपल्या पसंतीच्या, गावातल्याच मुलाशी लग्न केलं. बंगला नाही, बोट नाही, पिस्तूल नाही. नियम क्रमांक दोन मात्र तंतोतंत पाळलेला.