शीतनाचा मध्यस्थ : प्रवासी मोटारसायकलींतील हवाशीत व जलशीत इंजिने

मोटारसायकलीच्या इंजिनांचे 'हवाशीत' आणि 'जलशीत' असे दोन वर्ग करण्याची रीत सर्वमान्य आहे. या दोन सामासिक शब्दांची घडण सारखीच आहे. 'हवेने शीत केलेले' व 'पाण्याने शीत केलेले' असा त्यांचा विग्रह होतो, आणि दोन्हींत पूर्वपद करणाचा, म्हणजे साधनाचा, अर्थ दाखवते. रूपाच्या या सारखेपणामुळे हवा आणि पाणी ही एकच काम करणारी दोन पर्यायी साधने आहेत, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. जलशीत इंजिनाची उष्णताही अखेर हवेतच जाते. पाणी ती केवळ एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. तेव्हा खरा भेद प्रत्यक्ष शीतन व मध्यस्थामार्फत होणारे शीतन यांतील आहे. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोटारसायकलींत या भेदाचे परिणाम विशेष स्पष्टपणे दिसतात.

पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यापैकी बराच भाग धुराबरोबर नळीवाटे बाहेर पडतो आणि बाकीचा सिलिंडरच्या भिंती, त्याचा माथा व दट्ट्या यांत शिरतो. तो वेळीच काढून घेतला नाही, तर वंगणाचे तेल पातळ होते, इंधन ठिणगीपूर्वीच पेटू लागते, आणि शेवटी दट्ट्या सिलिंडरला धरून बसतो.

हवाशीत इंजिनात ही उष्णता धातूतून थेट वाऱ्यात जाते. हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे तिच्याशी होणारा स्पर्श वाढवावा लागतो. त्यासाठी सिलिंडरभोवती पातळ पाती ओतलेली असतात. 1923 साली बी.एम.डब्ल्यू.ने आर 32 ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिचे दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंना आडवे बाहेर काढले होते. दोघांनाही सारखाच ताजा वारा मिळावा, हा त्या रचनेचा मोठा लाभ होता. उलट हार्ले-डेव्हिडसनच्या रचनेत एका सिलिंडरच्या मागे दुसरा येतो, आणि मागच्याच्या वाट्याला तापलेली व अडलेली हवा येते.

या पद्धतीची मर्यादा प्रवासात उघड होते. इंजिनात निर्माण होणारी उष्णता त्याच्यावरील भारावर अवलंबून असते. ती वाहून नेणारा वारा मात्र गाडीच्या वेगावर अवलंबून असतो. सपाट महामार्गावर या दोन गोष्टी बरोबरीने वाढतात व समतोल राहतो. घाटाच्या चढणीवर त्यांची फारकत होते. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पहिला-दुसरा गिअर, समोर मालमोटारींची रांग आणि पाठीमागून वाहणारा वारा, अशा वेळी भार सर्वाधिक असतो व पात्यांवरून जाणारी हवा जवळजवळ थांबलेली असते. हवाशीत इंजिन दुर्बल असते असे नव्हे. त्याचे शीतन त्याच्या गरजेशी जोडलेले नसते, एवढेच.

मध्यस्थाचे कार्य येथे सुरू होते. समान आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तेवढ्याच तापमानवाढीसाठी सुमारे तीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावून घेते. पंपाने खेळवलेले पाणी झडपांलगतच्या अतितप्त भागातून उष्णता उचलते व पुढे बसवलेल्या रेडिएटरपर्यंत नेते. तेथे ती हवेलाच द्यावयाची असते. पण गाडी उभी असली तरी विजेचा पंखा तो वारा निर्माण करू शकतो. थर्मोस्टॅट नावाची झडप पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. म्हणजे 'जलशीत' इंजिन थंड ठेवले जात नाही. ते एका ठरावीक उष्ण तापमानाच्या आसपास राखले जाते. 'शीत' या उत्तरपदात हा अर्थ मुळीच येत नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

तापमान स्थिर राहिले, की धातू किती प्रसरण पावेल हे आधीच ठरवता येते. त्यामुळे दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट कमी ठेवता येते, संपीडनाचे प्रमाण वाढवता येते, आणि इंजिन गार राखण्यासाठी मिश्रणात जादा पेट्रोल सोडण्याची गरज कमी होते. धुरासंबंधीचे नियम कडक होत गेले, तसतसे या गोष्टीचे मोल वाढले. पाण्याच्या आवरणामुळे इंजिनाचा आवाजही दबतो. 1974 साली होंडाने गोल्ड विंग ही प्रवासी मोटारसायकल पुढे आणली, तीच मुळी चार सिलिंडरांचे जलशीत इंजिन घेऊन. बी.एम.डब्ल्यू.चा मार्ग अधिक सावकाश होता. 1993 पासून तिच्या आडव्या जोडइंजिनाच्या माथ्यातून शीतनासाठी तेल खेळू लागले, आणि 2013 च्या आर 1200 जीएस गाडीत त्या तेलाची जागा पाणी व ग्लायकॉल यांच्या मिश्रणाने घेतली. तरीही सिलिंडरांवरील पाती कायम राहिली. अशा इंजिनाला दोहोंपैकी कोणत्याच नावात नीट बसवता येत नाही.

भारतातील उदाहरण रॉयल एनफिल्डच्या हिमालयन या गाडीचे आहे. 2016 साली आलेल्या तिच्या पहिल्या रूपात 411 घन सेंटिमीटरचे, तेलाची जोड असलेले हवाशीत इंजिन होते व त्याची शक्ती सुमारे 24 अश्वशक्ती होती. 2023 च्या रूपात 452 घन सेंटिमीटरचे जलशीत इंजिन सुमारे 40 अश्वशक्ती देते. संपीडनाचे प्रमाण साडेनवावरून साडेअकरावर गेले. हा सारा फरक केवळ पाण्याचा नव्हे. झडपांची संख्या व फेऱ्यांची गतीही वाढली आहे. परंतु ही वाढ पेलण्यास स्थिर तापमान साहाय्यभूत ठरते, हे नाकारता येणार नाही.

मनाली-लेह मार्गावरील 5,000 मीटरांहून उंच खिंडींत हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरते. तेथे पाती व रेडिएटर दोन्हींचे सामर्थ्य घटते, कारण शेवटचा ग्राहक दोहोंचा एकच आहे. विरळ हवेत इंजिनाची शक्ती व उष्णताही घटते, म्हणून निभाव लागतो. उघड्या भांड्यातले पाणी त्या उंचीवर सुमारे 83 अंश सेल्सिअसला उकळते. बंद व दाबाखालील व्यवस्थेत मात्र ते द्रवरूप राहते.

मध्यस्थाची किंमतही मोजावी लागते. रेडिएटर, पंप, रबरी नळ्या, पंखा व द्रव यांचे वजन वाढते, आणि यांपैकी प्रत्येक वस्तू बिघडू शकते. उडालेल्या दगडाने रेडिएटर फुटला, तर वस्तीपासून दूर प्रवास तेथेच संपतो. हवाशीत इंजिन तापू लागले, की बहुधा शक्ती मंदावून व आवाज बदलून सूचना देते; सावलीत थांबणे हा त्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे.

म्हणून कोणते इंजिन श्रेष्ठ, हा प्रश्न मोघम ठरतो. भार व वेग यांची फारकत किती वेळा होणार, आणि बिघाड झाल्यास मदत किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न त्याच्या जागी मांडले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर मध्यस्थाच्या बाजूने जाते, दुसऱ्याचे अनेकदा त्याच्या विरुद्ध. परिभाषेतील दोन सारखे समास हा विचार झाकून टाकतात; त्यांचा विग्रह करताना व्याकरणाबरोबर यंत्राकडेही पाहावे लागते.