मेद घटविण्यासाठी प्रतिकार व्यायाम

स्नायूंना वजन, रबरी पट्टा किंवा स्वतःच्याच शरीराचा भार यांविरुद्ध काम करावयास लावणाऱ्या व्यायामास प्रतिकार व्यायाम म्हणतात. महाराष्ट्रातील तालमींमधील जोर आणि बैठका हे त्याचेच जुने रूप होय. मेद घटतो तो मुख्यतः आहारातील ऊर्जा कमी केल्याने. परंतु त्यासोबत स्नायूही झिजतात. ती झीज रोखणे हे या व्यायामाचे खरे कार्य आहे.

वजन आणि मेद

वजनकाट्यावरून मेदाचा अंदाज येतोच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र मेद युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांतही स्नायू कमी आणि पोटाभोवतीचा मेद अधिक असू शकतो, व त्यामुळे मधुमेहाचा धोका वाढतो. अशा व्यक्तीने केवळ उपाशी राहून वजन उतरविल्यास मुळात कमी असलेले स्नायूच आणखी घटतात. त्यामुळे वजनासोबत कंबरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही त्याची मर्यादा मानली जाते.

क्रमाची निवड

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचा व्यायाम करावा. भरभर चालण्यासारखा मध्यम श्रमाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे, तो वेगळा. 'आज छाती, उद्या पाठ' ही शरीरसौष्ठवपटूंची विभागणी नवशिक्यास गैरसोयीची असते, कारण एक दिवस चुकला की तो स्नायुगट आठवडाभर तसाच राहतो. दोन-तीन दिवस संपूर्ण शरीराचा क्रम अधिक निभतो.

केवळ जोर-बैठकांत एक उणीव आहे: ओढण्याची क्रिया त्यांत नाही. तालमीत ती दोर चढणे, मल्लखांब आणि प्रत्यक्ष कुस्ती यांनी भरून निघते. घरी भरलेली बादली ओणवे होऊन कंबरेकडे ओढता येते. सुमारे ८ ते १५ आवर्तनांत स्नायू थकतील एवढा भार असावा. आवर्तने सहज होऊ लागली की भार वाढवावा, अन्यथा बळाऐवजी दमच वाढत जातो. पोटाच्या व्यायामाने नेमका पोटाचाच मेद उतरतो, हा समज निराधार आहे.

तालीम आणि खुराक

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी किताब, तर १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्यांच्यामुळे या भागात तालमीची मेहनत आदर्श मानली जाणे स्वाभाविक आहे. मात्र दूध, तूप व बदाम यांचा मल्लांचा खुराक दिवसभराच्या मेहनतीस पुरावा म्हणून असतो. मेद घटवू पाहणाऱ्याने मेहनत उचलावी, खुराक नव्हे. प्रथिने मात्र कमी करू नयेत. लातूर परिसरात पिकणारी तूर, हरभरा आणि सोयाबीन त्यासाठी उपयुक्त आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखून धरू नये.