उन्हावर काम करणारी पूड

टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड घराच्या रंगात असते, टूथपेस्टमध्येही असते. सातारा, सांगली, कोल्हापूर या शिवाजी विद्यापीठाच्या तीन जिल्ह्यांत रसायनशास्त्राचे संशोधक तिच्याकडून वेगळंच काम मागतात: उन्हात रंगाचं सांडपाणी निवळायचं आणि जमल्यास पाण्यातून हायड्रोजन काढायचा. मागणी इथलीच आहे. विट्याला यंत्रमाग आहेत. इचलकरंजीत कापड रंगवून उरलेल्या पाण्यामुळे पंचगंगेबद्दलची ओरड जुनी आहे, आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

१९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा या संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्याच इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन घडवलं. हा पदार्थ अर्धवाहक. पुरेसा जोरकस प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडी घेतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन हायड्रोजन मोकळा करतो, रिकामी जागा रंगाचा रेणू तोडायला लागते. पण उडी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. तेवढी ताकद अतिनील किरणांत. उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के.

म्हणून डोपिंग. नायट्रोजन, लोह यांसारख्या मूलद्रव्यांचे थोडे अणू स्फटिकात मिसळले की दृश्य प्रकाशही कामाला येतो. मात्रा फोडणीतल्या हिंगासारखी सांभाळावी लागते. जास्त झाली तर तेच अणू इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवतात. पुण्याच्या सी-मेट संस्थेत डॉ. भरत काळे यांच्या गटाने दुसरी वाट धरली: कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या झेंडूसारख्या सूक्ष्म रचना. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दृश्य प्रकाशावर हायड्रोजन सल्फाइडमधून हायड्रोजन मिळवला होता.

प्रयोगशाळेतली नेहमीची परीक्षा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची. द्रावण आधी अंधारात ढवळतात, कारण थोडा रंग पुडीला नुसताच चिकटतो. मग ऊन, आणि ठरावीक वेळाने काढलेल्या नमुन्यात उरलेल्या रंगाचं मोजमाप.

निळं पाणी रंगहीन होतं, पण रंग गेला म्हणजे विष गेलं असं नव्हे. तुटलेले तुकडे पाण्यातच असू शकतात. खऱ्या सांडपाण्यात मीठ, कॉस्टिक, साबणही असतो, आणि पूड परत गाळून घ्यावी लागते. हायड्रोजनची मजल त्याहून लांब. पुष्कळ प्रयोगांत त्यासाठी पाण्यात मिसळलेलं मिथेनॉल किंवा सल्फाइड खर्ची पडतं. जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या पॅनेलवर नुसत्या पाण्यापासून हायड्रोजन काढला, तेव्हा २०२१ मध्ये नोंदलेली कार्यक्षमता ०.७६ टक्के होती.

तेव्हा आपल्याकडच्या मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना मिथिलीन ब्लूवर थांबू देऊ नये. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसचं पाणी आणावं, त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, आधी आणि नंतर मोजावा, आणि तीच पूड पुन्हापुन्हा वापरून पाहावी. कृष्णाकाठाला उपयोग त्याच आकड्यांचा आहे.